पुडीवरचा लिटर

अंजनीबाईंच्या तासाला मुलं हसत, पण बाईंनी हसवलं तरच. एरवी सातवीचा वर्ग असा चिडीचूप असे की पलीकडच्या भिंतीआड चाललेले दुसरीचे पाढे सुद्धा नीट ऐकू येत. बाईंना या शांततेचा कोण अभिमान! बारवी धरणाच्या रस्त्याला लागलेल्या त्या शाळेत त्या चौदा वर्षं गणित शिकवत होत्या, हेंद्रेपाड्याहून रोज पायी येत होत्या, आणि आपल्या हाताखालून गेलेलं पोर बाजारात कुणाकडून फसत नाही असं चारचौघांत सांगत होत्या.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. चुकलेल्या पोराला त्या मारत नसत. त्या वर्गाला हसवत. एकदा हसू झालं की ते उत्तर पोर जन्मात विसरत नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. आता हसू झालेलं पोर आणखी काय काय विसरत नाही, याचा विचार त्यांनी चौदा वर्षांत केला नव्हता. करायची वेळ आली ती त्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी. साल सत्त्याऐंशी.

त्याआधीच्या आठवड्यात धडा चालला होता योग्य एकक निवडण्याचा. फळ्यावर दोन रकाने होते. पेन्सिलीची लांबी सेंटिमीटरमध्ये, बदलापूर ते कल्याण किलोमीटरमध्ये, तांदळाचं पोतं किलोग्रॅममध्ये. “आकड्याची घाई करू नका,” बाई सांगत होत्या. “आधी वस्तू डोळ्यांपुढे आणा, मग एकक बोला. तानी, ऊठ. खोकल्याचं औषध?”

तानी डोंगराकडच्या ठाकरवाडीची. बारा वर्षांची, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, शेवटचा बाक. वाडीतून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. औषधाची बाटली तिच्या घरात क्वचितच आलेली. बाटलीतून येणारी एकच वस्तू तिला ठाऊक होती, ती म्हणजे रेशनवरचं रॉकेल.

“लिटर,” ती म्हणाली.

“लिटर?” बाईंनी भुवया वर केल्या. “का गं, तुमच्या वाडीत हत्तीला खोकला झालाय?”

वर्ग फुटलाच. पोरं बाकावर डोकी आपटून हसली. पुढचे तीन दिवस तानी दिसली की कुणीतरी नाकाशी हात धरून सोंड हलवायचं. बाईंनी ते पाहिलं आणि पाहून सोडून दिलं. औषध मिलिलिटरमध्ये मोजतात हे आता ही पोरगी मरेपर्यंत विसरणार नाही, असं त्यांना वाटलं. ते अगदी खरं होतं.

तर तो मंगळवार. प्रार्थना झाली, हजेरी झाली, पहिलाच तास गणिताचा. उजळणी म्हणून बाईंनी घरची उदाहरणं मागितली. कुणी दूध सांगितलं, कुणी बापाच्या टेम्पोतलं डिझेल. आणि शेवटच्या बाकावरून हात वर आला. बाईंना आधी खरंच वाटेना. सहा वर्षांत तानीने आपणहून हात वर केल्याचं कुठल्याच मास्तरांनी पाहिलं नव्हतं.

“बोल, तानी.”

तानी उभी राहिली. भीत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी फुललं होतं. “बाई, आमचा देऊ हाय ना, धाकला भाऊ, धा महिन्यांचा. त्याला परवापास्नं ढाळ लागल्यात. काल माईंनी दोन पुड्या दिल्या, साखरमिठाच्या. आयेला वाचता येत नाय, तं माई म्हनल्या, तुझ्या पोरीकडनं वाचून घे. मी वाचलं. पुडीवर लिवलेलं, एक लिटर पान्यात कालवा. मंग मी देऊचं प्वॉट डोळ्यांपुढं आनलं. येवढुसं प्वॉट! त्यात लिटर कसा मावंल? औषध लिटरात नसतं, मिलिलिटरात असतं. छापनाऱ्याची चूक झाली आसंल. म्हनून मी आयेला सांगितलं, फुलपात्रात कालव.”

सगळा वर्ग बाईंकडे पाहू लागला.

“शाब्बास!” बाई म्हणाल्या.

म्हणाल्या म्हणजे तोंडातून निघून गेलं. वस्तू डोळ्यांपुढे आणली, मग एकक ठरवलं, छापलेल्या शब्दावर सुद्धा शंका घेतली. अशीच पोरं त्यांना हवी होती. त्या फळ्याकडे वळल्या, ‘औषध’ लिहिलं, पुढे ‘मि.’ लिहिलं, आणि ‘लि’ लिहिताना हातातला खडू थांबला.

श्रावणात आरोग्य उपकेंद्राची नर्स शाळेत येऊन गेली होती. तिला सगळा मुलूख माई म्हणे. शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसून माई त्या पुड्यांबद्दल सांगत होती आणि बाई घटक चाचणीचे गुण भरत होत्या. अर्धं ऐकलं, अर्धं सोडलं. त्यातलं सोडलेलं आता आठवायला लागलं. पुडी एक, पाणी लिटर. पाणी कमी घातलं की ते औषध राहत नाही, निव्वळ मीठ होतं. मीठ बाळाच्या मेंदूला बाधतं, झटके येतात. गेल्या साली एक पोर माझ्या हातात गेलं, असं माई म्हणाली होती. त्यावर बाई “हो का?” म्हणाल्या होत्या आणि पुढच्या मुलाचे गुण भरले होते.

त्या वळल्या. तानी अजून उभीच होती, शाब्बासकीने तिचा चेहरा उजळलेला होता.

“किती पाजलं त्याला?” बाईंनी विचारलं.

“राती एक पुडी कालवली. थोडी प्यायला आन् मंग समदी वकून टाकली.”

“आणि दुसरी?”

“ती ऱ्हायलीय. दिवस डोक्यावर आला का द्यायची. निघताना मीच आयेला सांगून आली.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“तुमची वाडी किती लांब आहे?”

तानीचा चेहरा विझला. तिला वाटलं, पुन्हा उदाहरण आलं. तिने खाली पाहिलं.

“अगं, सांग ना! किती किलोमीटर?”

शेवटी ती अगदी हळू म्हणाली, “दोन टेकड्या, बाई. मंग वहळ.”

एरवी बाईंनी या उत्तरावर वर्ग पाच मिनिटं हसवला असता. त्यांनी खडू फेकला, तानीचा हात धरला आणि दप्तर तिथेच टाकून तिला बाहेर काढलं. मागे चाळीस पोरं तोंड उघडं टाकून बसली होती.

मुख्याध्यापक विष्णुपंत कुठल्याही कागदावर तीनदा विचार करून सही करणारा माणूस. पण बाईंचं तोंड पाहून त्यांनी एकदाही विचार केला नाही. शाळेचे शिपाई रामभाऊ यांना त्यांनी सायकलवर बसवलं. “माई असतील तिथून उचला आणि वाडीवर आणा. धरणावर जाणारी जीप दिसली तर हातापाया पडून थांबवा.” मग बाईंकडे वळून म्हणाले, “तुम्ही कशाला जाता? पोरीला धाडा, ती पळत जाईल.”

“मीच जाणार,” बाई म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

डांबरी रस्ता सुटला आणि बांधावरची वाट लागली. दोन्ही अंगांना भात निसवून पिवळं पडत आलं होतं. ऑक्टोबरचं ऊन पाठीत घुसत होतं. तानी पुढे, बाई मागे. बाईंच्या चपलेचा अंगठा पहिल्याच टेकडीला तुटला, तेव्हा त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या आणि थोड्या वेळाने टाकून दिल्या.

डोकं मात्र गप्प बसेना. ते त्याच्या सवयीचं काम करत राहिलं. फुलपात्रात पाणी मावतं दोनशे मिलिलिटर. लिटरमध्ये फुलपात्रं पाच. म्हणजे मीठ पाचपट. पोर दहा महिन्यांचं, वजन सात किलो, ठाकरवाडीचं म्हणजे कदाचित सहाच. पाचपट. पाय उचलला की पाचपट, टेकवला की पाचपट. आयुष्यभर ज्या हिशेबांची गोडी पोरांना लावली, तोच एक हिशेब आज त्यांच्या मानगुटीवर बसला होता आणि उतरायला तयार नव्हता.

“बाई,” तानी मागे न पाहता म्हणाली, “मी चुकली का?”

“चल लवकर.”

“देऊला काय व्हईल का?”

“चल म्हटलं ना!”

ती पळायला लागली. आपण नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं बाईंना वाटलं. पोरीला आता सगळं कळलं होतं.

दुसऱ्या टेकडीच्या चढावर बाईंच्या मनात एक विचार आला, आणि तो आला म्हणून त्यांना स्वतःची किळस वाटली. विचार असा, की पोराचं काही बरंवाईट झालं तरी माझं नाव कुठे येतं? पुडीवर लिटर स्पष्ट छापलेलं आहे. पोरीने वाचलं आणि मोडलं. हत्तीची गोष्ट कोण कुणाला सांगायला जाणार? विचार आला तसा त्यांनी तो हाकलला. पण तो येऊन गेला होता, आणि पुढे पळणारी ती किरकोळ पाठ पाहून त्यांचा जीव लाजेने अर्धा झाला.

ओहोळ लागला. पाणी घोट्याइतकं होतं. बाईंनी वर पाहिलं. सूर्य अजून माथ्यावर आला नव्हता, जरासा पूर्वेलाच होता. पोचलो, त्या मनात म्हणाल्या. वेळेत पोचलो, देवा.

वाडीत शुकशुकाट होता. मोठी माणसं गवतकापणीला गेलेली, तानीचा बाप बारकूही त्यांच्यातच. आठ-दहा कुडाची घरं, अंगणात कोंबड्या. तानी शेवटच्या घरात घुसली आणि आतून तिची हाक आली, “आये!” त्या हाकेमागोमाग बाई दारात पोचल्या.

आत तानीची आई, चंद्री, भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर देऊ. बाजूला फुलपात्र. त्यातलं निम्मं पाणी संपलेलं होतं.

“दिलंस?” तानीने विचारलं.

“दिलं की. तू म्हनलीस दिवस डोक्यावर आला का दे. पन पोरगं तहानेनं कासावीस झालं गं. लई मागत व्हतं. जेवढं पाजलं तेवढं जास्तीच मागाय लागलं. तं मंग म्हनलं, औषीदच हाय, देते आगूदर.” तिने दारातल्या बाईंकडे पाहिलं, ओळखलं, आणि पदर सावरला. “या बाई. बसा.”

बाई बसल्या नाहीत, गुडघ्यांवर कोसळल्या. त्यांनी देऊच्या गालाला हात लावला. गाल तापलेला, ओठ कोरडेठाक. पोर किंचाळत होतं, पण त्या किंचाळण्यात नेहमीचं रडणं नव्हतं. बारीक, चिरका, एकसारखा सूर होता. ऐकवत नव्हता.

त्यांनी फुलपात्र उचललं आणि त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ आखडली. समुद्राचं पाणी चुकून तोंडात जावं तशी चव.

“चंद्री, तू हे चाखलं नव्हतंस?”

“चाखलं की. पोराला देन्याआधी मी समदं चाखते.” चंद्री आता घाबरून एकदा बाईंकडे, एकदा लेकीकडे पाहत होती. “लई खारट लागलं. मी हिला म्हनलं बी राती, आगं लई खारट हाय. तं ही म्हनली, बाईंनी शिकवलंय आये, आसंच आसतंय. आता शिकलेल्या मानसापुढं माझ्या जिभंला काय इचारायचं?”

बाईंनी डोळे मिटले. या बाईच्या जिभेने काल रात्रीच बरोबर सांगितलं होतं. तिला गप्प केलं ते आपल्या नावाने.

“पानी पाजू का त्याला?” चंद्रीने विचारलं. “चांगलं भरपूर पाजते. मीठ धुऊन जाईल.”

पाजावं, की पाजू नये? पाजावं तर किती? चौदा वर्षं गणित शिकवणारी बाई त्या मातीच्या जमिनीवर बसून राहिली आणि तिला या एका ‘किती’चं उत्तर येईना. मिलिलिटर, डेसिलिटर, लिटर, सगळी एककं ओळीने डोळ्यांपुढे उभी होती आणि त्यांच्यापुढे घालायला आकडा नव्हता. चुकीचा आकडा म्हणजे काय, ते मांडीवर किंचाळत होतं. बाईंना इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“अंगावर घे त्याला,” त्या शेवटी म्हणाल्या. “दूध पाज, ओढेल तेवढंच. माई येईपर्यंत दुसरं काही नको.”

चंद्रीने पोराला छातीशी लावलं. ते दोन घोट ओढून पुन्हा किंचाळलं. तानी मेढीच्या खांबाला पाठ लावून उभी होती. ती रडत नव्हती. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, जणू तिचे हातच गुन्हेगार होते.

कितीतरी वेळाने, की थोड्याच वेळाने, ओहोळापलीकडून रामभाऊंची आरोळी आली. माई धापा टाकत चढून आली. पन्नाशीची बाई, खांद्याला खाकी पिशवी. तिने फुलपात्र पाहिलं, रिकामी पुडी पाहिली, पोराची कातडी चिमटीत धरून पाहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज शांत होता, आणि त्यानेच बाई जास्त घाबरल्या.

“किती गेलं पोटात?”

“आत्ता निम्मं. काल रात्रीचं उलटून पडलं,” बाई म्हणाल्या.

“उलटलं म्हणून आज आपण बोलतोय.” माईने पोराला फडक्यात गुंडाळलं. “मीच हिला म्हटलं, पोरीकडनं वाचून घे. मी कालवून दाखवायला हवं होतं. ऊठ गं चंद्री. खाली जीप उभी आहे. पाणी एकदम पाजलंत तरी झटका येईल. चमच्याने, मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तेवढंच.”

जीप धरणावरची, ड्रायव्हर नाथा. रामभाऊ वाडीत थांबले, बारकूला निरोप द्यायला. जीप खडीच्या रस्त्याने उडत निघाली. मागे चंद्री, तिच्या मांडीवर देऊ, समोर माई चमचा घेऊन, आणि कोपऱ्यात बाई न् तानी. उल्हास नदीचा पूल गेला, बदलापूर गेलं. पोराचं किंचाळणं आता थांबलं होतं. मघाशी जे ऐकवत नव्हतं, ते बंद झाल्यावर बाईंना वाटलं, पुन्हा एकदा किंचाळ रे बाळा, एकदा तरी.

अंबरनाथला फाटक बंद होतं. मालगाडी येत होती. नाथाने हॉर्न वाजवला, खाली उतरून फाटकवाल्याशी भांडला, पण मालगाडी काही कुणाच्या पोरासाठी लवकर सरकत नाही. एकेक वाघीण खडखडत जात होती. बाई नकळत मोजायला लागल्या. बाविसाव्या वाघिणीला देऊचा उजवा हात ताठ झाला आणि थडथड उडू लागला. चंद्रीने हंबरडा फोडला. माईने पोराला कुशीवर वळवलं, त्याच्या तोंडाशी बोट धरून बसली आणि पुटपुटत राहिली, “थांब रे राजा, थांब जरा.”

तानीने बाईंचा दंड धरला. एवढा घट्ट, की दुसऱ्या दिवशी तिथे चार काळेनिळे ठिपके उठले होते.

हात थांबला. फाटक उघडलं.

उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टर होता. त्याने पोराला आत नेलं, शीर शोधली, सलाईनची बाटली लावली, मग कागद घेऊन बाहेर आला. “पुडी किती पाण्यात कालवली होती? कोणी कालवली?”

चंद्रीने लेकीकडे पाहिलं. तिच्या मनात काही नव्हतं, विचारलं म्हणून पाहिलं. पण तानी आक्रसून भिंतीत शिरल्यासारखी झाली. डॉक्टरची नजरही तिकडे वळली.

“माझ्या सांगण्यावरून कालवली,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, हे बोलायला फार जड जाईल. तसं काही झालं नाही. “एक पुडी, दोनशे मिलिलिटर पाण्यात. मी या मुलीची शिक्षिका. औषध लिटरात मोजत नाहीत असं मीच शिकवलं, आणि लिटर म्हणाली म्हणून तिला वर्गात हसले. तिने माझं ऐकलं. चूक माझी आहे.”

डॉक्टरला या कबुलीत रस नव्हता. त्याने दोनशे हा आकडा लिहून घेतला. “पाणी हळूहळू चढवतोय, घाई करता येत नाही. मूत्रपिंडं चालतायत का ते बघायचंय. बाळाला लघवी झाली की सिस्टरना लगेच सांगा. किती झाली तेही. तोपर्यंत मी काही बोलू शकत नाही.”

मग आत पोराच्या पलंगाशी ते बसणं. तीन वाजले, चार वाजले. माई दुसऱ्या रुग्णांच्या कागदांसाठी खाली गेली. खिडकीबाहेर रस्त्यावर पापडवाला ओरडत होता, लोक हिंदीत आणि सिंधीत भाव करत होते, कुणीतरी खदखदून हसलं. बाहेरची दुपार रोजच्यासारखी चालली होती याचा बाईंना राग आला. त्या दर पाच मिनिटांनी पोराखालचं फडकं चाचपत होत्या. कोरडं. पुन्हा चाचपत. कोरडंच.

“बाई,” चंद्रीने एकदा विचारलं, “जगंल ना?”

“जगेल,” बाई म्हणाल्या, आणि हा शब्द आपण कशाच्या आधारावर उच्चारला ते त्यांना कळलं नाही.

तानी पलंगाच्या पायाशी फरशीवर बसली होती. सकाळपासून तिने पाणीही घेतलं नव्हतं. बाईंनी तिच्यापुढे बिस्किटं धरली तेव्हा तिने मान हलवली. ती भावाकडे पाहत होती, पापणी न हलवता, जणू तिने नजर काढली की तो श्वास घ्यायचं विसरेल.

साडेपाचच्या सुमाराला चंद्री तोंड धुवायला गेली. पोराचा सुई लावलेला हात सांभाळत तिने त्याला बाईंच्या मांडीवर दिलं. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या अवघडून, श्वास रोखून बसल्या. देऊ जड नव्हता. पोतंभर तांदूळ किती किलो हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या, पण आजारी लेकराचं वजन असं मांडीवर त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं.

आणि मांडी गरम झाली.

क्षणभर त्यांना समजलंच नाही. मग तानी ताडकन उभी राहिली. “बाई! मुतला! देऊ मुतला!”

कोमट धार बाईंच्या सुती साडीतून झिरपून पलंगावर, पलंगावरून फरशीवर ठिपकू लागली. सिस्टर धावत आल्या. वयाने मोठ्या, उल्हासनगरच्याच कॅम्प एक वस्तीतल्या सिंधी बाई, छातीला घड्याळ अडकवलेलं. त्यांनी पलंगाला अडकवलेला नोंदीचा तक्ता उचलला आणि पेन काढलं.

“किया? कितना किया? चार्ट में लिखना है.”

बाईंचे डोळे भरून आले होते, त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. “मला नाही सांगता येणार. तानी, तू बघत होतीस. सांग सिस्टरना.”

तानीने बाईंकडे पाहिलं. हीच नजर बाईंनी त्या दिवशी वर्गात पाहिली होती, हसण्याच्या अगदी आधी, आणि तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. भाऊ जिवंत होता, वाट पाहिली ती गोष्ट घडली होती, तरी ही पोरगी थरथरत होती. एकक चुकेल म्हणून थरथरत होती.

“बाई,” ती कुजबुजली, “मिलिलिटर मला नाय येत.”

“नको सांगू. तुला दिसलं तेवढं सांग.”

“तुम्ही...” ती थांबली. “हसाल.”

बाईंनी ‘नाही’ म्हणून मान हलवली.

तानीने पाठीमागचे हात पुढे आणले. दोन्ही तळवे जुळवले, बोटं जराशी वाकवली, मग अंदाज घेत थोडे मिटते केले आणि सिस्टरपुढे धरले. “ओंजळीला थोडी कमी. येवढी.”

सिस्टरने त्या रिकाम्या ओंजळीत वाकून पाहिलं, खरंच आत काहीतरी असल्यासारखं. “इतना? अरे वा! बहुत अच्छा, बेटी.” त्यांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि डॉक्टरला हाक मारायला गेल्या. डॉक्टर आला, तक्ता पाहिला, पोराचे डोळे उघडून पाहिले. देऊने हात झटकला आणि रडू लागला, भरड्या, रागावलेल्या, नेहमीच्या आवाजात. “आज इथेच ठेवू,” डॉक्टर म्हणाला, “पण आता काळजी नाही. वाचला.” दारात उभी असलेली चंद्री तिथेच खाली बसली.

शाब्बास हा शब्द बाईंच्या ओठांशी आला. सकाळी तो किती सहज निघाला होता ते आठवलं आणि त्यांनी तो गिळला. तानी अजून तशीच उभी होती, ओंजळ धरून, कुणी सांगेपर्यंत ती मोडायची नाही असं ठरवल्यासारखी. बाईंनी देऊला एका हाताने सावरलं, दुसरा हात त्या ओंजळीखाली धरला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे, तानी. सोड आता.”